कृत्रिम बुद्धिमत्ता आणि शिक्षकांची दृष्टी

शाळेत एखादे नवे साधन आले म्हणजे त्याचे स्वागत सर्वांकडून सारखे होत नाही. विद्यार्थी कुतूहलाने त्याकडे धाव घेतात, पालक खर्चाचा व उपयोगाचा हिशेब मांडतात, आणि शिक्षक मात्र काही काळ स्तब्ध राहतात. ह्या स्तब्धतेस कोणी भीती म्हणतात, कोणी जुनेपणा म्हणतात, तर कोणी सरळ आळस म्हणून मोकळे होतात. आमच्या मते तिच्यात ह्या तिन्ही गोष्टींचा थोडाफार अंश असला, तरी तिचे खरे कारण निराळे आहे. गेल्या काही वर्षांत 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द शहरांपासून दापोऱ्यासारख्या गावापर्यंत येऊन पोहोचला. तिच्याविषयी शिक्षकवर्गात जी मते ऐकू येतात ती कोणती, आणि मुख्य म्हणजे ती तशी का आहेत, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम नावाविषयी. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' ही संज्ञा वाटते तितकी नवी नाही. यंत्रास विचार करता येईल काय, ह्या प्रश्नाची शास्त्रीय चर्चा इंग्लंडमधील गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली एका निबंधात केली होती. पुढे १९५५ मध्ये जॉन मॅकार्थी व त्यांचे सहकारी यांनी एका प्रस्तावात ही संज्ञा योजिली आणि १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात काही संशोधक ह्याच विषयासाठी एकत्र जमले. योगायोग असा की, त्याच १९५६ साली एप्रिल महिन्यात आमच्या जिल्ह्यातील नेपानगरचा वृत्तपत्री कागदाचा कारखाना पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाला. त्या वेळी आमचा निमाड नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात मोडत असे. ज्या वर्षी आमच्याकडे कागदाची ददात मिटण्याची आशा उत्पन्न झाली, त्याच वर्षी कागदावाचून लिहिणाऱ्या यंत्राचे बारसे सातासमुद्रापलीकडे झाले, ही मौजेची गोष्ट होय.

त्यानंतर कित्येक दशके हा विषय बहुतांशी प्रयोगशाळांत व मोठ्या कारखान्यांत राहिला. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय ह्या अमेरिकन संस्थेने 'चॅटजीपीटी' लोकांस खुले केले आणि चित्र पालटले. प्रश्न लिहावा आणि उत्तर घ्यावे. निबंध मागावा आणि निबंध घ्यावा. गणित द्यावे आणि पायऱ्यांसह सोडवून घ्यावे. मागाहून गूगलचे 'जेमिनी' आले, आणि ज्या व्हॉट्सॲपवर आपण लग्नाची निमंत्रणे व केळीचे भाव पाहतो त्यातही असा एक सहायक येऊन बसला. म्हणजे जे साधन मिळविण्यासाठी पूर्वी शहरात जावे लागले असते, ते आता शेतात मोटार सुरू करावयास जाणाऱ्या मुलाच्या खिशात असते.

हे यंत्र उत्तर कसे देते, हे थोडक्यात पाहिल्यावाचून शिक्षकांची चिंता उमगणार नाही. 'तापीला पूर' एवढे शब्द उच्चारून आम्ही थांबलो, तर पुढचा शब्द 'आला' हाच असावा असे आपणा सर्वांस वाटेल. 'शिजला' किंवा 'उगवला' असे कोणी म्हणणार नाही. हे आपण कोणत्या नियमाने ओळखतो? तसे वाक्य आपण शेकडो वेळा ऐकलेले असते म्हणून. ह्या यंत्रासही अशाच रीतीने तयार केलेले असते. अफाट प्रमाणावर लिहिलेला मजकूर त्याच्यापुढे ठेवतात आणि पुढचा शब्द, किंबहुना शब्दाचा तुकडा, ओळखण्याचा सराव त्याच्याकडून कोट्यवधी वेळा करवून घेतात. प्रत्येक चुकीगणिक यंत्रातील आकड्यांची जुळणी किंचित बदलते. अशा जुळणीतून जे सिद्ध होते ते नवल वाटावे इतके चतुर असते, ह्यात संशय नाही. तथापि 'हे खरे आहे' आणि 'हे येथे शोभेल' ह्या दोन गोष्टी त्याच्या ठायी एकच नसल्या, तरी त्यांच्यामधील भिंत फार पातळ असते. म्हणूनच ते कधी कधी न झालेल्या लढाईचे वर्ष आणि न लिहिलेल्या पुस्तकाचे नाव तितक्याच ठामपणे सांगून टाकते.

येथे भाषेचाही प्रश्न येतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. बोलणाऱ्यांची संख्या एवढी मोठी, परंतु संगणकाच्या जाळ्यावरचा मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने अत्यल्प. त्यातही जो आहे तो बहुतेक वृत्तपत्री व कार्यालयीन प्रमाण मराठीतला. आमच्या ह्या सीमेवरच्या पट्ट्यात घरात खानदेशी, गुजरी, निमाडी वळणाची बोली, बाजारात हिंदी आणि पुस्तकात प्रमाण मराठी, असे तीन पाण्यांचे मिश्रण प्रत्येक मुलाच्या जिभेवर असते. ह्या मिश्रणाचा लेखी नमुना यंत्राने फारसा पाहिलेला नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांची कविता त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती 'शुद्ध' करून द्यावी असे एखाद्या यंत्रास सांगितले तर ते अत्यंत आदबीने तिचा प्राण काढून घेईल, असे आम्हांस वाटते. असो, ह्या मुद्द्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचेच आहे.

आता शिक्षकांच्या मतांकडे वळू. काही शिक्षक ह्या साधनाचे मनापासून स्वागत करतात, आणि त्यांची कारणे पोकळ नाहीत. खेड्यातील शिक्षकास अध्यापनाखेरीज किती कामे असतात, हे पालकांस सांगावयास नको. परिपत्रके, माहितीचे तक्ते, प्रश्नपत्रिका, दोन वर्ग एकाच खोलीत असतील तर दोन्हींची निराळी तयारी. मध्यप्रदेशातील मराठी शाळेच्या शिक्षकास तर आणखी एक भार असतो: वरून येणारे कागद हिंदीत, वर्ग मराठीत, आणि मराठीतील पूरक साहित्य मिळावयाचे ते पलीकडच्या राज्यातून. अशा वेळी हिंदी उताऱ्याचे मराठी भाषांतर क्षणात हाती पडावे, एका धड्यावर सोपे व कठीण असे वीस प्रश्न तयार व्हावेत, ही काही लहान सोय नव्हे. अमेरिकेत २०२५ साली गॅलप ह्या संस्थेने केलेल्या पाहणीत सुमारे ६० टक्के शिक्षकांनी मागील शालेय वर्षात असे एखादे साधन वापरल्याचे सांगितले, आणि जे ते दर आठवड्यास वापरतात त्यांनी आपले आठवड्यातील जवळजवळ सहा तास वाचतात असा अंदाज दिला. सहा तास म्हणजे शिक्षकाच्या एका पूर्ण दिवसाची शिकवणी होय.

दुसऱ्या बाजूस ह्या साधनास शाळेच्या उंबरठ्याबाहेरच ठेवावे, असे म्हणणारेही आहेत. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये आपल्या संगणकांवर चॅटजीपीटी बंद केले होते; पुढे मे २०२३ मध्ये ती बंदी त्यांनी स्वतःच उठविली. एवढ्या मोठ्या शिक्षणखात्याचे मत चार महिन्यांत पालटले, ह्यावरून गोंधळ केवळ आमच्याच शिक्षक-कक्षात आहे असे समजण्याचे कारण नाही. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये ह्याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात वर्गात अशी साधने वापरण्यास निदान १३ वर्षांची वयोमर्यादा असावी असे सुचविले. आमच्या देशात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९ सालीच नववीसाठी हा ऐच्छिक विषय आणला, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात त्याचा उल्लेख झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरीपासूनच ह्या विषयाची ओळख करून देण्याचे जाहीर केले. थोडक्यात, दार बंद करावे की उघडावे ह्या वादाचा निकाल शिक्षकांस विचारण्यापूर्वीच पुष्कळसा लागून गेला आहे.

तथापि स्वागत करणारे आणि विरोध करणारे, ह्या दोघांच्या मध्ये जो मोठा वर्ग आहे, त्याचे म्हणणे आम्हांस अधिक विचारार्ह वाटते. हे शिक्षक स्वतःच्या तयारीसाठी यंत्र वापरतात, आणि तरीही विद्यार्थ्याच्या वहीत त्याची छाया दिसली की अस्वस्थ होतात. वरवर पाहता हा दुटप्पीपणा भासेल. 'गुरुजींनी वापरले तर सोय, आणि आम्ही वापरले तर लबाडी?' असे एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारल्यास त्यास उत्तर देणे आवश्यक आहे. ते उत्तर असे.

पाचवीतल्या मुलास १/२ आणि १/३ ह्यांची बेरीज करावयास सांगितली. त्याने २/५ असे लिहिले. उत्तर चुकले, पण शिक्षकाच्या दृष्टीने ह्या एका चुकीच्या अंकात केवढी माहिती भरलेली आहे पाहा. मुलाने वरचे अंक वर मिळविले, खालचे खाली मिळविले. म्हणजे त्याच्या मनात अपूर्णांक ही एक संख्या नसून एकावर एक ठेवलेल्या दोन संख्या आहेत. आता काय करावयाचे ते शिक्षकास ठाऊक झाले. एक भाकरी घ्यावी, अर्धी बाजूस काढावी, तिच्यात तिसरा हिस्सा मिळवावा, आणि अर्ध्या भाकरीत आणखी काही मिळविल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी होईल, असे मुलास विचारावे. २/५ हे १/२ हून लहान आहे, हे त्याच्या ध्यानात आले म्हणजे तो स्वतःच खजील होऊन हसतो, आणि तो धडा त्यास जन्मभर पुरतो. उलट त्या वहीत यंत्राने दिलेले ५/६ हे उत्तर सुबक अक्षरांत उतरलेले असेल, तर शिक्षकास काय कळले? काहीच नाही. उत्तर बरोबर आहे, शेरा 'उत्तम' असा पडेल, आणि मुलाच्या मनातला २/५ तेथेच, अंधारात, सुखाने राहील.

भाषेचेही तसेच. आमच्याकडचा मुलगा निबंधात 'पाऊस येऊ राह्यला' असे लिहितो. प्रमाण मराठीच्या मानाने ते सदोष. परंतु त्या वाक्यातून शिक्षकास मुलाचे घर ऐकू येते, तो कोठवर आला आहे व त्यास कोठे न्यावयाचे आहे हे दिसते. 'येत आहे' हे रूप शिकविताना 'येऊ राह्यला' हे रूप टाकाऊ नाही, ते दुसऱ्या जागी शोभते, हेही सांगता येते. यंत्राने तयार केलेल्या निबंधात पाऊस 'रिमझिम बरसत' असतो आणि 'सृष्टी न्हाऊन' निघालेली असते. दापोऱ्याच्या पावसात वाऱ्याने केळीची झाडे मोडून पडतात आणि बापाचे तोंड उतरते, हे मात्र त्यात नसते.

ह्या दोन उदाहरणांत आमच्या मते सगळी गोष्ट आली. शिक्षक विद्यार्थ्यास ओळखतो तो त्याच्या चुकांवरून. वैद्यास जशी नाडी, तशी शिक्षकास चूक. यंत्र वापरल्याने शिक्षकाची नाडीपरीक्षा चुकत नाही, कारण तो आपली प्रश्नपत्रिका यंत्राकडून करवून घेतो तेव्हा त्याचे शिक्षण चाललेले नसते. काम चाललेले असते. विद्यार्थी मात्र गृहपाठ यंत्रास देतो तेव्हा कामाबरोबर शिक्षणही देऊन टाकतो. चुणचुणीत मुलाच्या प्रश्नास हे आमचे उत्तर.

कोणी म्हणतील की, गणकयंत्र आले तेव्हाही असाच कोलाहल झाला होता, आणि आज त्याचे कोणास काही वाटत नाही. हे काही अंशी खरे आहे. परंतु गणकयंत्र केवळ आकडेमोड करते, कोणती आकडेमोड करावयाची हे मुलासच ठरवावे लागते. आणि ते कधी खोटे सांगत नाही. नवे यंत्र प्रश्न समजून घेण्यापासून निष्कर्ष लिहिण्यापर्यंत सगळा प्रवास करून देते, आणि मधूनच एखादी थाप मारते. दोहोंस एका पंक्तीस बसविणे बरोबर नाही.

ही केवळ शिक्षकांची कल्पना नव्हे, ह्यास प्रयोगाचा आधार आहे. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या तासांत एक प्रयोग करण्यात आला. तो २०२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही वर्गांस नुसते पुस्तक व वही दिली. काहींस साधे चॅटजीपीटीसारखे साधन दिले. आणि तिसऱ्या गटास त्याच साधनाची एक निराळी आवृत्ती दिली, जी उत्तर देत नसे, फक्त सूचना देत असे. सराव करताना दुसऱ्या गटाची कामगिरी पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी आणि तिसऱ्याची तर १२७ टक्क्यांनी सरस ठरली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. तेव्हा साधे यंत्र वापरणारी मुले, ज्यांनी यंत्र कधी पाहिलेच नव्हते त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. त्याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, आपण कमी शिकलो असे त्या मुलांस वाटलेच नाही. सूचना देणाऱ्या आवृत्तीने मात्र हे नुकसान पुष्कळसे टाळले. का? तर ती तयार करताना शिक्षकांकडून माहिती घेतली होती: ह्या गणितात मुले सामान्यतः कोठे चुकतात, आणि तेथे कोणती सूचना द्यावी. म्हणजे यंत्रास जे शहाणपण आले ते शिक्षकांनी वर्षानुवर्षे चुकलेल्या वह्या तपासून जमविलेले होते. आमच्या व्यवसायाचा ह्याहून मोठा गौरव कोणत्याही मानपत्रात झालेला आम्ही वाचला नाही.

शिक्षकांच्या अस्वस्थतेची आणखी एक बाजू आहे, आणि ती आम्हांस सर्वांत दुःखदायक वाटते. ती म्हणजे संशय. पूर्वी एखाद्या मुलाने अनपेक्षितपणे सुरेख निबंध लिहिला तर शिक्षकास आनंद होई. आता आनंदाच्या आधी शंका येते. ती शंका फेडण्यासाठी यंत्राचे लेखन ओळखणारी यंत्रे निघाली. परंतु त्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असे एक साधन काढले, ते यंत्रलिखित मजकुरापैकी केवळ २६ टक्के मजकूर ओळखू शके, आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के यंत्राचा म्हणून सांगे. जुलै २०२३ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा लोकांचे इंग्रजी निबंध ही साधने निम्म्याहून अधिक वेळा यंत्राचे ठरवितात, कारण परकी भाषा लिहिणारा माणूस साधे व ठराविक शब्द वापरतो. सीमेवरच्या शाळांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. घरी एक भाषा बोलून शाळेत दुसरीत लिहिणाऱ्या प्रामाणिक मुलावर आळ येण्याचा संभव अधिक. आपण खरोखर लिहिलेला निबंध गुरुजींनी खोटा ठरविला, हा घाव मूल लवकर विसरत नाही. म्हणून यंत्राच्या साक्षीवर कोणाही मुलास दोषी धरू नये, त्यास जवळ बसवून 'हे कसे लिहिलेस, सांग पाहू' असे विचारावे, हे मत आमच्यापैकी बहुतेकांचे झाले आहे. स्वतः लिहिलेले असले तर मूल बोलू लागते. नसले तर तेही कळते.

ज्यांना वाटते की यंत्र आले म्हणून शिक्षकाने काय करावे हा प्रश्न आजच उद्भवला, त्यांस आम्ही आमच्याच राज्यातील एका प्रयोगाची आठवण देऊ इच्छितो. १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकविण्याची नवी पद्धत सुरू केली. पुढे 'एकलव्य' ही संस्था १९८२ मध्ये स्थापन होऊन तिने हे काम वाढविले. २००२ साली शासनाने तो कार्यक्रम बंद केला. त्या तीस वर्षांत काय झाले? पाठ करावयाची उत्तरे पुस्तकातून काढून टाकली. 'बाल वैज्ञानिक' नावाच्या पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न असत. निरीक्षण मुलांनी करावयाचे, निष्कर्ष वर्गाने चर्चेने काढावयाचा. परीक्षेस पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे! कारण पुस्तकात उत्तर नव्हतेच. आज यंत्राच्या धाकाने सारे जग 'उघड्या पुस्तकाची परीक्षा' म्हणून जे शोधीत आहे, ते नर्मदेच्या काठी खेड्यांतील शिक्षकांनी पन्नास वर्षांपूर्वी करून पाहिले.

त्याच कार्यक्रमात 'सवालीराम' नावाची एक व्यक्ती होती. खरे तर व्यक्ती नव्हतीच, ते एक कल्पित नाव होते. मुलांनी मनात येईल तो प्रश्न पत्राने सवालीरामास विचारावा आणि त्यास सवालीरामाच्या सहीने उत्तर यावे, अशी योजना होती. उत्तरे लिहीत ती कार्यक्रमातील जाणती मंडळी. आजचे यंत्र पाहिले की आम्हांस हा सवालीराम आठवतो. दोघांसही कोणताही प्रश्न विचारता येतो, आणि दोघेही अदृश्य. परंतु पत्र लिहून उत्तराची वाट पाहताना मुलाच्या मनात तो प्रश्न दिवसेंदिवस घोळत राही. मित्रांशी वाद होई, कोणी आजोबांस विचारी. यंत्र चार क्षणांत उत्तर देते, आणि प्रश्न मनात मुरण्यापूर्वीच संपतो. शिक्षकांपैकी ज्यांनी त्या पद्धतीचे प्रशिक्षण घेतले त्यांस 'मला ठाऊक नाही, आपण पाहू' असे वर्गापुढे म्हणण्याची सवय लागली होती. हे वाक्य यंत्रास अद्याप नीटसे साधलेले नाही.

महाराष्ट्रातील एक उदाहरणही येथे सांगणे योग्य होईल. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लाख डॉलरांच्या त्या पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली, हे पुष्कळांस स्मरत असेल. त्यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापून त्यांतून ध्वनी, चित्रफिती व पाठ उपलब्ध करून दिले. ही कल्पना पुढे महाराष्ट्र राज्याने आणि नंतर राष्ट्रीय पातळीवरही उचलली गेली. वर्तमानपत्रांनी क्यूआर कोडची वाहवा केली ती योग्यच. परंतु त्याआधीची पायरी पुष्कळांच्या नजरेतून निसटली. त्या गावातील मुलांची घरची भाषा कन्नड होती. शिक्षकाने आधी ती भाषा शिकून घेतली, पुस्तकातील मजकूर मुलांच्या मातृभाषेत आणला, आणि मग त्यावर ते चौकोनी चिन्ह उमटविले. आमच्यासारख्या दोन-तीन भाषांच्या संगमावर असलेल्या शाळांस ह्यातील कोणती पायरी अधिक अनुकरणीय आहे, हे आम्ही निराळे सांगत नाही.

पालकांस एक-दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. 'असर' ह्या ग्रामीण शिक्षणाच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले. त्याचा शिक्षणासाठी मागील आठवड्यात उपयोग केलेली मुले ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी केलेली ७६ टक्के. म्हणजे साधन घरात आहेच, ते शाळेने आणले अथवा शाळेने अडविले अशी स्थिती नाही. मुलगा 'अभ्यास करतो आहे' असे म्हणून मोबाईल हाती घेतो तेव्हा त्यास मजकूर वाचता न येणाऱ्या आईनेही एक प्रश्न खुशाल विचारावा: 'काय विचारलेस, आणि त्याने काय सांगितले?' त्याचे उत्तर मुलाने मोबाईल न पाहता, घरच्या बोलीत द्यावे. ही परीक्षा घेण्यास कोणतीही पदवी लागत नाही.

विद्यार्थ्यांसाठी आम्ही ह्या वर्षी एक उपक्रम सुचवीत आहोत. आपल्या जवळच्या, ज्याची पडताळणी आपण स्वतः करू शकतो, अशा गोष्टींविषयी यंत्रास विचारावे. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा घ्या. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल उताराच्या बळावर शहरात आणण्यासाठी जमिनीखालून ही व्यवस्था केली. एकास एक जोडलेल्या शंभराहून अधिक कुंड्या तीत आहेत. त्यातून पाणी पंपावाचून कसे वाहते, हे यंत्रास विचारावे आणि त्याचे उत्तर घेऊन जागेवर जावे. तापी कोठे उगम पावते, मुमताजमहल १६३१ साली कोठे वारली आणि तिचे पहिले दफन नदीच्या कोणत्या काठी झाले, हे विचारावे. केळीच्या पानावर पिवळे पट्टे पडले तर काय करावे, हे विचारून ते उत्तर ज्यांनी वीस वर्षे केळी लावली आहे अशा शेजारच्या काकांस वाचून दाखवावे. ते कोठे मान हलवतात आणि कोठे हसतात, ते टिपून ठेवावे.

हे करताना वहीचे पान मध्ये रेघ मारून दोन भागांत वाटावे. डावीकडे आधी स्वतःचे उत्तर, जसे सुचेल तसे, बोलीत सुचले तर बोलीत, लिहावे. मगच यंत्रास विचारून त्याचे उत्तर उजवीकडे उतरावे, आणि खाली दोहोंत कोण कोठे चुकले ते लिहावे. डावीकडचे उत्तर चुकीचे निघाले तरी ते खोडू नये. वह्या फेब्रुवारी अखेरीस वर्गशिक्षकांकडे द्याव्या; तपासताना डावी बाजू आधी वाचली जाईल.